आटे, काडतूस आणि भरवसा

आमच्या थोरल्या काकांच्या नावाने एक शस्त्रपरवाना होता. निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या आमच्या मळ्यात रानडुकरांचा उपद्रव फार, म्हणून १९७१ साली त्यांनी तो काढला. परवान्याच्या पुस्तकात हत्याराच्या वर्णनाच्या रकान्यात लिहिलेले होते : 'रायफल .३१५, एनपीबी'. काका तिला 'तीनशे पंधरा' म्हणत. 'एनपीबी'चा अर्थ मात्र घरात कोणालाच सांगता येत नसे. कारकुनाने काहीतरी शेरा मारला असेल, एवढेच आम्ही धरून चाललो होतो.

पुढे कळले की त्या तीन अक्षरांचा पूर्ण उच्चार 'नॉन-प्रोहिबिटेड बोअर' असा आहे, म्हणजे मनाई नसलेल्या बोअरची. मग साहजिकच प्रश्न आला, की मनाई कोणाला आहे? उत्तर १९६२ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात सापडते. तिथे .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरच्या रायफली मनाईच्या यादीत आहेत. पण नियम करणारा तेवढ्यावर थांबत नाही. ज्या कोणत्या बोअरमध्ये .३०३ किंवा ७.६२ चे लष्करी काडतूस बसेल आणि उडेल, तेही हत्यार मनाईचे. तीच गोष्ट .४१० मस्केटची : मस्केट तर नकोच, पण मस्केटचे काडतूस ज्यात बसेल असे काहीही नको. कायदा बंदुकीचा दस्ता, लांबी, घडण पाहत नाही. तो नळीच्या बुडाशी असलेल्या कोठीत डोकावतो आणि विचारतो, इथे कोणाचे काडतूस जाते?

हा प्रश्न कायद्याला का पडला, याचा माग घेताना मी गेली काही वर्षे एका विचित्र विषयात गुंतलो आहे : जुन्या लष्करी बंदुकीला दुसरे काडतूस लावण्याचा इतिहास. युरोप-अमेरिकेत हा विषय हौशी लोकांचा आणि काटकसरी सेनापतींचा आहे. आपल्याकडे तो राज्यकर्त्यांच्या मनाचा आहे. कोणाच्या हाती किती ताकद द्यावी, कोणाच्या हातातली काढून घ्यावी, याचा हिशेब इथे नळीच्या आत लिहिलेला असतो.

आधी थोडे यंत्राबद्दल सांगायला हवे. काडतूस म्हणजे पुंगळी, तिच्या बुडाशी पेट घेणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. (शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. हत्यारही बरेचसे त्यांच्याकडूनच आले.) रायफल म्हणजे आतून मळसूत्री आटे पाडलेली नळी. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. आटे नसतील तर ती भिरभिरत जाते आणि थोड्याच अंतरात दिशा सोडते. काडतूस बदलायचे म्हणजे नळीचा व्यास, कोठीचा आकार, बोल्टचे तोंड, पुंगळी ओढून काढणारा आकडा, मॅगझिन आणि नेमाची पट्टी हे सगळे एकमेकांशी पुन्हा जुळवणे. बोल्ट आणि पुंगळीचे बूड यांतले अंतर केसाएवढे चुकले तरी पुंगळी फाटते. म्हणजे हे काम कारखान्याचे आहे, आणि कारखाना सरकारचा असतो.

हिंदुस्थानातल्या या बदलांची सुरुवात उलट्या दिशेने झाली, ती १८५७ नंतर.

त्या साली वाद काडतुसावरून पेटला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. चरबी लावलेले कागदी काडतूस दातांनी तोडायचे, हा तो वाद. पण ज्या बंदुकीसाठी ते काडतूस होते, तिच्याकडे आपण फारसे पाहत नाही. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड, व्यास .५७७ इंच, नळीत आटे. जुन्या गुळगुळीत नळीच्या 'ब्राऊन बेस'पेक्षा तिचा नेम कितीतरी दूरवर लागे. बंड मोडल्यावर इंग्रजांपुढे प्रश्न उरला तो काडतुसाचा नव्हे, बंदुकीचा : अशी बंदूक हिंदी शिपायाच्या हाती पुन्हा द्यायची का?

त्यांनी काढलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी एनफिल्डच ठेवली, पण तिचे आटे काढून टाकले. १८५८ चा 'नेटिव्ह इन्फन्ट्री'साठीचा नमुना म्हणजे तीच बंदूक, नळी आतून कोरून गुळगुळीत केलेली, व्यास .५७७ वरून .६५६ इंचांवर नेलेला. नेमाची मागेपुढे होणारी पट्टी जाऊन तिथे एक स्थिर खाच आली, कारण दूरचा नेम धरायचाच नव्हता. कोरून नळी पातळ झाली, म्हणून पुढच्याच वर्षी जाड नळीचा १८५९ चा नमुना निघाला. बाहेरून पाहणाऱ्याला परेडवर गोरा आणि काळा शिपाई सारखीच बंदूक खांद्यावर घेऊन उभे दिसत. फरक फक्त नळीत बोट घालणाऱ्याला कळला असता. १८५९ च्या पील आयोगाने तोफखाना गोऱ्यांच्या हाती ठेवायला सांगितले, ते सर्वांना माहीत आहे. आटे खरवडून काढण्याचे काम मात्र कोणाच्या डोळ्यांत आले नाही.

पुढे धोरणच ठरून गेले, की हिंदी पलटणीचे हत्यार गोऱ्या पलटणीच्या एक पाऊल मागे. १८६६ साली जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकनाच्या युक्तीने जुन्या एनफिल्डची मागची बाजू कापून तिथे बिजागरीची झडप बसवली गेली. तोंडाकडून ठासायची बंदूक एका कारागिरीने मागून काडतूस भरायची झाली. जुन्या बंदुका फेकायच्या नाहीत, त्यांनाच नवे काडतूस लावायचे, या कल्पनेचे हे जगातले एक गाजलेले उदाहरण. स्नायडर पहिल्यांदा मोठ्या लढाईत उतरली ती १८६८ च्या अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत, आणि ती मोहीम निघाली होती मुंबई बंदरातून. अरोगीच्या चकमकीत गोऱ्या शिपायांनी स्नायडर चालवली. शेजारी लढणाऱ्या पंजाब पायोनियर्सच्या हाती ठासणीच्या बंदुका होत्या.

हिंदी पलटणींना स्नायडर मिळाल्या त्या गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आल्यानंतर. २७ जुलै १८८० ला मैवंदच्या लढाईत ६६ व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी होती, तर बाजूच्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्सकडे स्नायडर. मुंबई इलाख्याच्या फौजेतले शिपाई तिथे एक पिढी जुन्या बंदुका घेऊन उभे होते. हरण्याची कारणे त्याहून बरीच मोठी आहेत. सगळे बंदुकीवर ढकलण्यात अर्थ नाही. पण काडतुसांची ही उतरंड रणांगणावर कशी दिसते, ते मैवंदला दिसले.

शिपायाचे असे, तर रयतेचे काय? त्याची व्यवस्था लॉर्ड लिटनने १८७८ च्या शस्त्र कायद्याने केली. परवान्याशिवाय हत्यार नाही, आणि युरोपियनांना त्यातून सूट. याच साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. रानड्यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा; वडील इथे सरकारी नोकरीत होते. म्हणजे ते आपल्या जन्मजिल्ह्यातच न्यायाधीश म्हणून आले. वर्षभरातच वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, पुण्यात बुधवारवाडा जळाला, आणि सरकारला संशय आला की शिकलेल्या ब्राह्मणांची याला फूस आहे. रानड्यांना तडकाफडकी धुळ्याला पाठवण्यात आले. फडक्यांच्या रामोशी साथीदारांकडे हत्यारे काय होती? तलवारी, भाले आणि थोड्याफार बंदुका. तेवढ्यावर साम्राज्याची झोप उडाली आणि घटनेच्या मार्गाने जाणारा न्यायाधीशही संशयातून सुटला नाही. ज्या सरकारला स्वतःच्या न्यायाधीशाचा भरवसा नव्हता, ते शेतकऱ्याच्या हाती कोणते काडतूस देणार?

इथे .३०३ चा प्रवेश होतो. १८८८ साली ब्रिटिश फौजेने ली-मेटफर्ड घेतली, पुढे ली-एनफिल्ड. बोल्टची घडण जेम्स पॅरिस ली याची, काडतूस .३०३. या काडतुसाचे गोत्र सगळे आपल्या देशात विखुरलेले आहे. कलकत्त्याजवळच्या डमडममध्ये कॅप्टन बर्टी-क्लेने त्याची टोक उघडी ठेवलेली गोळी केली. ती अंगात शिरल्यावर पसरे, आणि जगभर 'डमडम' हे नाव बदनाम झाले ते तिच्यामुळे. १८९९ च्या हेग परिषदेने तसल्या गोळ्यांना मनाई केली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. आणि रायफली होऊ लागल्या हुगळीकाठच्या इछापूरला, ज्याला इंग्रज ईशापूर म्हणत. तिथला रायफल कारखाना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. नकाशात पाहिले तर डमडम, मंगल पांडे यांचे बराकपूर आणि इछापूर ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. चरबीच्या काडतुसाची कुजबुज जानेवारी १८५७ मध्ये डमडमलाच सुरू झाली होती.

.३०३ गोळी मैलभरही जीव घेऊ शकते. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत ५० शिपायांनी तिच्या १,६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे गेली. असे काडतूस बाजारात विकत मिळावे, हे कोणत्याच वसाहतीच्या सरकारला परवडणारे नव्हते. विशेषतः वायव्य सरहद्दीवर चोरीच्या रायफलींना गोळ्यांची भूक होती. म्हणून लष्करी बोअर खासगी लोकांना बंद झाले. मार्टिनी-हेन्रीच्या .४५० बोअरचेही तेच झाले, आणि मोठी शिकार करणाऱ्या साहेबांसाठी लंडनच्या बंदूककारांना .४६५ आणि .४७० अशी नवी काडतुसे काढावी लागली. हिंदुस्थान सरकारच्या एका मनाईने लंडनच्या दुकानांतला माल बदलला.

साहेबांचे भागले. बाकीच्या परवानेदारांसाठी ली-एनफिल्डच्याच घडणीची, पण .३०३ न खाणारी रायफल हवी होती. त्यासाठी बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने उचलले ते काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे होते : ८ मिलिमीटर, ५० मिलिमीटर लांबीची पुंगळी, मॅन्लिखर रायफलीसाठी व्हिएन्नाच्या सैन्याने १८९० च्या सुमारास घेतलेले. त्याच्या बुडाचा काठ .३०३ च्या काठाशी जवळजवळ जुळतो, त्यामुळे लीच्या बोल्टला फारसा त्रास पडत नाही. नळी आणि कोठी मात्र वेगळी. आठ मिलिमीटर म्हणजे इंचात .३१५. काकांच्या परवान्यातला आकडा तो हा.

मला हे कळले तेव्हा हसू आले. हॅप्सबर्ग सम्राटाचे साम्राज्य १९१८ मध्ये संपले, ऑस्ट्रियाने १९३० मध्ये आपले काडतूसही बदलले, आणि ते जुने काडतूस आमच्या निफाडच्या उसात रानडुकरांवर रोखलेले! स्वातंत्र्यानंतर इछापूरच्या कारखान्याने .३१५ ची 'स्पोर्टिंग रायफल' स्वतः काढली. पाच गोळ्यांची, ली-एनफिल्डच्याच बांध्याची. इंग्रज गेले, पण लष्कराचे काडतूस रयतेच्या कोठीत बसता कामा नये हा त्यांचा नियम आपण जसाच्या तसा ठेवला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात गोऱ्या-काळ्याचा भेद नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात परवान्याशिवाय ज्या गोष्टी करता येत नाहीत त्यांत बनवणे, विकणे, दुरुस्त करणे यांच्या रांगेत हत्याराचे रूपांतर करणेही आहे. नळी बदलण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडेच ठेवला.

आता यातली एक उलटी बाजू. काडतूस निराळे ठेवले की चोरांना गोळ्या मिळणार नाहीत, असा हिशेब होता. उत्तर हिंदुस्थानात गावठी कट्टे बनवणाऱ्यांनी तो हिशेब सरळ फिरवला. परवानेदाराला दुकानात कायदेशीर मिळणारे काडतूस कोणते? .३१५ आणि बारा बोअर. मग कट्टाही त्याच मापाचा. तिकडच्या पोलीस बातम्यांत 'तीन सौ पंद्रह बोर' हे शब्द इतक्या वेळा येतात, की व्हिएन्नाच्या शस्त्रतज्ज्ञांना आपले काडतूस इथे एवढे नाव कमावील असे स्वप्नातही वाटले नसते.

काकांनी त्या रायफलीतून शिकार अशी केलीच नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि विषयच संपला. आता आमच्याकडे उसातून बिबटे निघतात. त्यांच्यासाठी वनखाते पिंजरा लावते. रायफल आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. तिचा खरा प्रवास एवढाच.

१९६२ ची गोष्ट वेगळी आहे आणि ती आमच्या तालुक्याच्या अधिक जवळची आहे.

चीनने हल्ला केला तेव्हा आपला जवान हिमालयात .३०३ घेऊन उभा होता. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करायचा. समोरच्याकडे आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या रायफली होत्या. २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे. लोकसभेवर ते १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध निवडून गेले. १९६४ मध्ये निफाड तालुक्यातल्या ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि द्राक्षांच्या, उसाच्या गावांतली पोरे कारखान्याच्या बसने कामाला जाऊ लागली. त्याच १९६४ साली, निफाडवरून जाणाऱ्या लोहमार्गावर पुढे भुसावळच्या पलीकडे, वरणगावला काडतुसांचा कारखाना सुरू झाला. ओझरबद्दल आमच्याकडे प्रत्येकाला बोलता येते; वरणगावबद्दल जळगावकडच्या पाहुण्याशिवाय कोणी बोलत नाही. माझ्या मते मात्र या विषयात वरणगावचे महत्त्व मोठे. फौजेचे काडतूस बदलायचे म्हणजे आधी कारखाना उभा करायचा. बंदूक त्याच्या मागून येते.

नवे काडतूस होते ७.६२ मिलिमीटरचे, नाटो राष्ट्रांनी १९५४ मध्ये ठरवलेले. पायदळाला त्यासाठी बेल्जियन घडणीची सेल्फ-लोडिंग रायफल मिळाली. पण लाखोंच्या फौजेला ती एकदम पुरणार कशी? आणि दुसऱ्या फळीच्या तुकड्या, पोलीस, होमगार्ड यांचे काय? तेव्हा इछापूरच्या लोकांनी जुन्या ली-एनफिल्डकडे पुन्हा पाहिले. तिलाच ७.६२ लावता येईल का?

सरळ लावता येत नाही. .३०३ च्या पुंगळीला काठ आहे, ७.६२ ला नाही; म्हणजे आकडा आणि मॅगझिन दोन्ही बदलायचे. त्याहून मोठी अडचण दाबाची. युरोपातल्या आजच्या मापाने .३०३ चा कमाल दाब ३,६५० बार धरतात आणि ७.६२ च्या जातीच्या काडतुसाचा ४,१५०. पहिल्या महायुद्धाआधीच्या घडणीच्या जुन्या पोलादावर हा भार टाकणे धोक्याचे. ब्रिटिशांनीही साठच्या दशकात आपल्या नंतरच्या, अधिक भक्कम 'नंबर ४' रायफलींना ७.६२ च्या नळ्या लावून पाहिल्या आणि सर्वसाधारण शिपायासाठी तो नाद सोडला. फक्त नेमबाजांसाठी जाड नळीची एल-४२ त्यातून निघाली, ती १९७० पासून पुढे वीसेक वर्षे टिकली. इस्रायलने जर्मन माऊझर ७.६२ वर आणल्या, स्पेननेही तसे केले. त्या बंदुकांचा बांधाच निराळा होता.

इछापूरने वेगळा मार्ग घेतला. रायफल बदलली नाही, रायफलीचे पोलाद बदलले. आकृती तीच, साचे, मापे, कारागिरांचे सरावलेले हात तेच. धातू नवा आणि कणखर. बाजूने पाहिले तर चौकोनी, बारा गोळ्यांचे मॅगझिन एवढाच फरक. हिचे नाव 'टू-ए'. सुरुवातीला नेमाच्या पट्टीवर २,००० मीटरपर्यंतचे आकडे होते. काही वर्षांतच शहाणपण आले आणि ते ८०० वर आणले. त्या रायफलीला 'टू-ए-वन' म्हणतात. लष्करासाठी आखलेली ही जगातली जवळजवळ शेवटची बोल्टची रायफल मानतात. कित्येक जाणकारसुद्धा तिला 'कोठी बदललेली .३०३' समजतात. ते खरे नाही. इथे रूपांतर झाले ते कारखान्याचे. आटे काढून घेण्यापासून सुरू झालेल्या या इतिहासात, आपल्या माणसाच्या हाती अधिक ताकद द्यावी म्हणून केलेला हा बदल आहे, आणि म्हणूनच मला टू-एचे कौतुक वाटते. दिसायला ती अगदी जुनाट आहे, हे कबूल.

ओझरच्या बसने जाणारी पोरे आणि इछापूरचे फिटर एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांनाही कामाला लावले ते एकाच हिवाळ्याने.

मधेच एनसीसीचा उल्लेख करायला हवा, कारण मी स्वतः रूपांतरित रायफल चालवली ती तिथेच. कॉलेजात आम्हाला नेमबाजीसाठी .२२ मिळे. वजन आणि धाटणी .३०३ चीच, गोळी मात्र शेंगदाण्याएवढी. .३०३ ची जुनी नळी मोठी करून तिच्यात .२२ ची बारीक नळी बसवण्याची ही पद्धत बर्मिंगहॅमच्या पार्करने रूढ केली होती. गोळी स्वस्त, धक्का नाही, आणि मोठ्या रायफलीचे वजन पेलण्याची सवय होते. या रूपांतरात कपट नाही. ते शिकवण्यासाठी आहे.

.४१० मस्केटबद्दल असे म्हणता येत नाही.

माझ्या लहानपणी तहसील कचेरीतल्या ट्रेझरीवर पहारा असे. पहारेकऱ्याची बंदूक लांबून .३०३ सारखीच दिसायची. तेच बोथट तोंड, तीच लाकडी पाठ. पोलीस तिला 'मस्कट' म्हणायचे. तिची खरी ओळख मला झाली ती अलीकडे, जिल्हा मुख्यालयातून निवृत्त झालेल्या एका आर्मररकडून. पिंपळगावच्या वाटेवर त्यांची वस्ती आहे; सगळे त्यांना तात्या म्हणतात. हत्यारांविषयी बोलताना ते हात हलवून अशी काही अदृश्य बंदूक उघडतात, की समोर ठेवल्यासारखी दिसते.

"सर, तुम्ही बघितली ती थ्री नॉट थ्रीच," ते म्हणाले. "फक्त तिचे दात पाडलेले."

.४१० मस्केट म्हणजे इछापूरला बदललेली .३०३. नळीतले आटे कोरून काढायचे आणि व्यास .४१० इंचांवर न्यायचा. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच गोळी, तीही हाताने भरायची. काडतूस .३०३ च्याच पुंगळीचे, पण तोंडाशी निमुळते न करता सरळ ठेवलेले, आत एक गोळी किंवा छर्रे. हे सरळ तोंडाचे काडतूस .३०३ च्या निमुळत्या कोठीत शिरत नाही. उलट .३०३ ची गोळी मस्केटच्या रुंद नळीत सैल पडते. बाजारात .४१० ची शॉटगनची काडतुसे मिळतात, ती वेगळ्या मापाची. तीही इथे नीट बसत नाहीत. पोलिसाची बंदूक कोणी पळवली तर तिला गोळ्या मिळू नयेत, आणि पोलिसाच्या गोळ्या कोणी पळवल्या तर त्या लष्करी रायफलीत जाऊ नयेत, असा हा दुहेरी बंदोबस्त.

याच्या बाजूने बोलता येते, आणि तात्या बोललेही. गल्लीत, बाजारात जमाव पांगवायचा असेल तर .३०३ हे भयंकर हत्यार. गोळी पहिल्या माणसातून निघून दुसऱ्यात जाते, भिंतीपलीकडे जाते. गुळगुळीत नळीची गोळी शंभरेक पावलांत आपला जोर सोडते. जालियनवालाचा आकडा आठवला की हे पटते. नागरिकांवर चालवायचे हत्यार दुबळेच असावे, यात दोष काढण्यासारखे काही नाही.

पण १८५८ च्या नमुन्याशेजारी ही मस्केट ठेवून पाहा. आटे काढले, व्यास वाढवला, बाहेरचे रूप तसेच ठेवले. कृती तीच, क्रमही तोच. इंग्रजांनी सुरू केलेले हे काम स्वातंत्र्यानंतरही इछापूरला चालू राहिले. कोठीवर अशोकस्तंभाचा शिक्का असलेल्या मस्केटी आहेत. त्या हाती दिल्या त्या आपल्याच पोलिसाच्या, खजिन्यावर आणि तुरुंगावर उभ्या असणाऱ्याच्या. त्याच्या हत्याराची ताकद ठरवताना दोन भीती एकत्र मोजल्या गेल्या : तो लोकांवर जास्त चालवील ही एक, आणि त्याच्याकडून ते हिसकावले जाईल ही दुसरी. त्याला स्वतःला कोणापासून धोका असेल, हा तिसरा हिशेब त्यात नव्हता.

तो हिशेब २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समोर आला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवादी एके-४७ घेऊन गोळ्या झाडत होते आणि समोर आपल्या माणसांकडे लाठ्या आणि जुन्या बोल्टच्या रायफली होत्या. रेल्वे सुरक्षा दलाचे हवालदार जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली .३०३ घेऊन त्यांच्यावर गोळी झाडली. त्यानंतर राज्यात राम प्रधान समिती बसली, हत्यारे बदलली, नवी पथके उभी राहिली. .३०३ हळूहळू शस्त्रागारांच्या मागच्या रांगेत गेली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला समारंभाने निरोप दिला. व्हिएन्नाच्या काडतुसाची .३१५ त्या दिवशीही कारखान्याच्या यादीत विक्रीला होतीच.

तात्यांना मी विचारले, की एवढ्या वर्षांत मस्केटची गोळी प्रत्यक्ष कामावर झाडलेली त्यांच्या नोंदीत किती वेळा आली.

त्यांनी थोडा विचार केला. "सरावाची सोडली तर मला नाही आठवत, सर. पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागायच्या. एक कमी पडली तर अख्खा दिवस गवतात शोधायची. पहारेकरी बंदूक भरायलाच तयार नसायचे. काडतुसे कमरेच्या पट्ट्यात ठेवायचे, तीही सालोसाल तीच. पितळेवर हिरवा थर यायचा. मी दर सहा महिन्यांनी ती पुसून परत द्यायचो."